सात शनिवार, सात सिनेमे

मंडळी, शाळांना सुट्ट्या लागल्या, आंब्याच्या पेट्या घरात आल्या आणि दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय उरली नाही. नौतपा तर अजून यायचाच आहे. या दिवसांत मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "घरच्यांसोबत बसून बघता येईल असं मराठीत काही आहे का?" उत्तरंही ठरलेली असतात. सैराट, नटसम्राट, कट्यार काळजात घुसली, अशी ही बनवाबनवी. सगळे चांगलेच आहेत, पण ते आपले बघून झालेत. बनवाबनवीचे संवाद तर निम्म्या ग्रुपला पाठ आहेत.

म्हणून या वेळी वेगळी यादी. आपल्या बाजूने गेलेले, पण आपल्याला न दिसलेले सात सिनेमे. ते न दिसण्याची दोन कारणं आहेत. एक जुनं आहे. भोपाळात मराठी सिनेमा लागलाच तर मोठ्या नावाचा लागतो, तोही एखाद-दोन खेळांपुरता, अडनिड्या वेळेला. छोटा सिनेमा इथवर पोचत नाही. दुसरं कारण नवीन आहे आणि ते माझ्या धंद्यातलं आहे. आपल्या टीव्हीवरचं ॲप आपल्याला काय दाखवतं? आपण आधी जे बघितलं आणि आपल्यासारख्या लोकांनी जे बघितलं, त्याच्याच जवळचं काहीतरी. ज्या घरात गेली दोन वर्षं फक्त हिंदी सिरीज चालल्या, त्या घराला मराठी प्रेक्षक आहे हे त्या ॲपला कळणार कुठून? वाट बघत बसलात तर हे सिनेमे कधीच समोर येणार नाहीत. नाव टाईप करूनच शोधावे लागतील. आणि एकदा दोन-तीन बघितलेत की ॲपही हळूहळू शहाणं होतं.

आपल्या आधीच्या पिढीने व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी भाड्याने आणून अख्ख्या शेजाराला सिनेमे दाखवले. तेवढी खटपट आता नाही. पण ती सगळी मंडळी एका खोलीत बसायची, तेवढं मात्र परत करायला हवं. यातले बरेचसे सिनेमे घरातल्या मोठ्यांसोबत बघितले तर दुप्पट कळतात. का, ते पुढे येईलच.

1. लेथ जोशी (2018)

सुरुवात याच सिनेमाने करा, कारण तो पुण्यात घडत असला तरी आपल्या गोविंदपुऱ्याचा वाटतो. दिग्दर्शक मंगेश जोशी. चित्तरंजन गिरी यांनी साकारलेले जोशी लेथवर काम करणारे कारागीर आहेत. कसब असं की लोकांनी नावाआधी 'लेथ' जोडून टाकलंय. मग कारखान्यात आपोआप चालणारी मशीन येतात आणि जोशींची गरज संपते. घरात मात्र यंत्रांनी बरकत आणलेली असते. बायकोचा खाद्यपदार्थांच्या ऑर्डरींचा व्यवसाय मशीनमुळेच वाढतोय, मुलगा नव्या उपकरणांच्या जगात रमलाय. एकाच छपराखाली यंत्र एकाला उभं करतंय आणि दुसऱ्याला बसवतंय. सिनेमा कोणालाही खलनायक करत नाही. आरडाओरडा नाही, भाषणं नाहीत.

आता आपल्याकडे बघा. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, नोव्हेंबर 1960 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते भोपाळचा कारखाना देशाला अर्पण झाला आणि 1974 मध्ये ती कंपनी भेलमध्ये विलीन झाली. त्या कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा वसले. कारखान्याला सुटे भाग पुरवणारी लहान-लहान युनिटं औद्योगिक क्षेत्रात उभी राहिली. आपल्यापैकी किती घरांची सुरुवात टर्नर, फिटर, मशिनिस्ट या शब्दांनी झाली आहे! आयटीआय करून आलेल्या आजोबांनी आयुष्यभर जॉब चकमध्ये बांधला, मायक्रोमीटर लावला, पुन्हा एक हलका कट घेतला. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही त्यांना चालायची नाही. आणि नातवाला ते काम नेमकं काय होतं हे सांगता येत नाही. "भेलमध्ये होते" एवढ्यावर विषय संपतो.

आयटीत असलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनी हा सिनेमा जरूर बघावा, त्याला आणखी एक कारण आहे. पाच वर्षांपूर्वी तो आपल्याला वडिलांच्या पिढीची गोष्ट वाटला असता. आज कोड लिहून देणारी साधनं आपल्याच स्क्रीनवर उघडी असतात. ज्या कामाला आपण कसब म्हणत होतो, त्यातलं बरंचसं ती काही सेकंदांत करतात. जोशींच्या चेहऱ्यावरचा तो प्रश्न, की माझं काम गेलं तर मी कोण, आता आपल्याही ओळखीचा झालाय. त्याचं सोपं उत्तर सिनेमा देत नाही. पण निवृत्त वडिलांसोबत बसून बघितलात तर त्यांच्याकडे असेल. सीएनसी मशीन शॉपमध्ये आलं तेव्हा त्यांच्यासोबतच्या लोकांचं काय झालं, कोण शिकलं, कोण बाजूला पडलं, हे सिनेमा संपल्यावर त्यांना विचारा.

2. हरिश्चंद्राची फॅक्टरी (2009)

हा लहान मुलांसकट सगळ्यांसाठी. दिग्दर्शक परेश मोकाशी, दादासाहेब फाळक्यांच्या भूमिकेत नंदू माधव, सरस्वतीबाई झाल्या आहेत विभावरी देशपांडे. भारताने त्या वर्षी ऑस्करसाठी पाठवलेला हा सिनेमा, तरी आज विशीतल्या मुलांना विचारलं तर बऱ्याच जणांनी नावही ऐकलेलं नसतं.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, म्हणजे अशाच उन्हाळ्यात. तो बनवण्याची धडपड म्हणजे हा सिनेमा. हाताशी पैसा नाही, शिकवायला कोणी नाही. फाळके पैसे उभे करून 1912 मध्ये लंडनला जातात, तंत्र शिकतात, कॅमेरा घेऊन येतात. स्त्रीपात्र करायला बाई मिळत नाही म्हणून तारामती करतो अण्णा साळुंके नावाचा एक पुरुष. नाटक-सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं, म्हणून घरी सांगायचं की आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत! सिनेमाचं नाव त्यावरूनच आलं.

मोकाशींनी हे सगळं हसत-खेळत सांगितलंय. महापुरुषाचं चरित्र म्हणून नव्हे, तर एका खटपट्या माणसाच्या आणि त्याला साथ देणाऱ्या घराच्या गमतीजमती म्हणून. यूट्यूबवर स्वतःचे व्हिडिओ टाकणाऱ्या मुलांना हा जास्तच आवडेल. हातात फोन नसताना व्हिडिओ कसा बनवायचे, हे त्यांना इथे कळेल.

3. पिकासो (2021)

हाही मुलांसाठी. सव्वा तासाच्या आसपासचा, म्हणजे चुळबुळ्या पोरांनाही झेपेल. दिग्दर्शक अभिजित वारंग. कोकणातल्या एका शाळकरी मुलाची चित्रकलेच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड होते, पण पुढे जायचं तर फी भरायला हवी. वडील दशावतारात काम करणारे कलावंत, प्रसाद ओक यांनी केलेले. हाती पैसा नाही, दारूने अंग पोखरलेलं, आणि रात्री देवळापुढे खेळ आहे. पैसे मागायला आलेला मुलगा वडिलांना रंग लावून रंगमंचावर उभं राहिलेलं बघतो.

दशावतार ही कोकणची रात्रभर चालणारी लोकनाट्याची परंपरा. आपल्या मुलांनी ती कधी बघितलेली नाही आणि भोपाळात बघायला मिळायचीही नाही. सिनेमात तो खेळ घाईने उरकलेला नाही, बराच वेळ पुढे चालतो. मुलं विचारतील की हे असे का बोलतात, हे असे का नाचतात. घरात कोकणातलं कोणी असेल तर त्या वेळी त्यांना जवळ बसवा. हा सिनेमा थिएटरऐवजी थेट ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला होता.

4. एक होता विदूषक (1992)

लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं की आपल्याला धूमधडाका आणि बनवाबनवी आठवतात. त्याच लक्ष्मीकांतचा हा दुसरा चेहरा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. नावं वाचून वाटेल की हा तर गाजलेलाच असणार. पण लक्ष्मीकांत आहे म्हणजे दोन तास हसायचं, या अपेक्षेने आलेला प्रेक्षक बावचळला आणि सिनेमा मागे पडला.

तमाशाच्या फडातला एक सोंगाड्या सिनेमाचा मोठा नट होतो, मग राजकारणी त्याला आपल्या कामाला लावतात. लोकांना हसवण्याची ताकद कोणाकोणाच्या कामाला येते आणि तिची किंमत कोण मोजतं, याची ही गोष्ट. मधू कांबीकर आणि निळू फुले यांच्यासाठीही बघावा. घरातल्या साठीच्या पुढच्या मंडळींना हा नक्की आवडेल. तमाशा, फड, सोंगाड्या, वग हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. तरुणांना लागतील, आणि ते काम मोठ्यांकडेच सोपवा.

5. गाभ्रीचा पाऊस (2009)

सतीश मनवर यांचा हा सिनेमा विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलेली. अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, धास्ती बसते की आपला नवराही असंच काही करेल. नवरा किस्ना आहे गिरीश कुलकर्णी. मग ती पोराला आणि सासूला त्याच्यावर पाळत ठेवायला लावते, त्याच्या आवडीचं रांधते, त्याला एकटं सोडत नाही. किस्नाला कळेनासं होतं की घरच्यांना झालंय काय. विषय एवढा जड, पण तुम्ही चक्क हसता, आणि हसता हसता थांबता. लहान मुलांना मात्र हा दाखवू नका. दहावीच्या पुढच्यांनी बघावा आणि मोठ्यांसोबत बघावा.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशातच होता आणि राजधानी होती नागपूर. राजधानी भोपाळला आली तेव्हा सरकारी नोकरीतली कितीतरी मराठी कुटुंबं नागपूरहून इकडे आली. आपल्यातल्या अनेक घरांची बोली म्हणूनच पुण्याची नाही. "मले", "तुले", "काहून", "पोट्टे" हे आजीच्या तोंडचे शब्द. पुण्याच्या नातेवाइकांपुढे ते बोलताना आपण उगाच ओशाळतो. या सिनेमात सगळे तसंच वऱ्हाडी बोलतात आणि ते ऐकताना ओशाळायला होत नाही, उलट कान सुखावतो. आजी असेल तर तिला पुढच्या सोफ्यावर बसवा. जो शब्द तुम्हाला अडेल तो तिला अडणार नाही. आणखी दहा वर्षांनी असा शब्द विचारायला घरात कोण असेल, हा प्रश्न मला हल्ली पडतो. घाई आहे ती त्यासाठी.

6. कारखानिसांची वारी (2021)

आता थोडं हलकं. हाही मंगेश जोशींचाच. पुण्याचं एकत्र कुटुंब, थोरल्या भावाचं निधन, आणि त्याची इच्छा की अस्थी पंढरपूरला विसर्जित व्हाव्यात. आपण नर्मदेवर नर्मदापुरमला जातो तसे हे सगळे एका गाडीत बसून निघतात. भाऊ, बहीण, मुलगा, आणि डिकीत प्रत्येकाची स्वतंत्र गुपितं! रस्त्याने एकेक बाहेर पडत जातं. इकडे घरी राहिलेल्या आईलाही काही वेगळंच सापडतं. मोहन आगाशे, वंदना गुप्ते, गीतांजली कुलकर्णी, अमेय वाघ, मृण्मयी देशपांडे असा संच. टोकियोच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे सोनी लिववर आला.

एका गाडीत सात-आठ तास कोंडलेल्या मराठी कुटुंबात काय काय होऊ शकतं, हे भोपाळ ते पुणे प्रवास केलेल्यांना सांगायला नको. मालमत्ता, मान, कोणी कोणाचं किती केलं, हे विषय आपल्याकडेही तेरा दिवसांच्या आतच निघतात. स्वतःच्या घरात त्यावर बोलणं कठीण जातं. दुसऱ्याच्या घरातलं बघून हसता येतं, आणि मग थोडं आपलंही बोलून होतं.

7. अस्तु (2013)

हा शेवटी ठेवलाय, कारण हा बघून झाल्यावर लगेच दुसरं काही लावावंसं वाटणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे मोहन आगाशे, अल्झायमर्सने स्मृती हरवत चाललेत. मुलगी इरावती हर्षे त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी जाते, तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो आणि शास्त्री लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. इकडे मुलीची शोधाशोध, तिकडे माहुताचं कुटुंब. माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, हे कोण आहेत ते माहीत नाही. तिची भाषा कन्नड, यांची संस्कृतप्रचुर मराठी. ती त्यांना लेकरासारखं जेवू घालते. चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचं आणि सुमित्रा भावे यांना संवादांचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. एवढं होऊनही सिनेमा थिएटरपर्यंत पोचायला 2016 उजाडलं.

आपल्या वसाहतींमध्ये सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले खूप जण आहेत. मुलं बेंगळुरूला, पुण्याला किंवा परदेशात. फोनवर आई तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा आपण चिडतो किंवा "वय झालं" म्हणून सोडून देतो. अल्झायमर्समध्ये आधी हल्लीच्या गोष्टी पुसल्या जातात, जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख सांगणारा माणूस ठीकच असेल, असा आपला समज होतो. हा म्हातारचळ नाही, आजार आहे, आणि डॉक्टरांना लवकर दाखवायला हवं, हे सिनेमा उपदेश न करता पोचवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांभाळणाऱ्या मुलीचा थकवा, तिची चिडचिड आणि त्यामागोमाग येणारा अपराधीपणा तो लपवत नाही. जी मंडळी घरात असं कोणाला सांभाळत आहेत, त्यांना कोणीतरी आपल्याला बघितलंय असं वाटेल. मात्र ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय, त्यांनी आधी स्वतः बघावा आणि मग आई-वडिलांसोबत बघायचा का ते ठरवावं.

थोडं कामाचं

एक: सिनेमे एका ॲपवरून दुसऱ्यावर सरकत असतात, म्हणून अमुक सिनेमा अमुक ठिकाणीच मिळेल असं मी लिहीत नाही. टीव्हीवर किंवा फोनवर नाव शोधा, देवनागरीतही आणि रोमन लिपीतही. दोन्हींचे निकाल वेगळे येऊ शकतात. नावासोबत दिग्दर्शकाचं नाव टाका, म्हणजे भलतंच काही निघणार नाही.

दोन: यूट्यूब किंवा प्राइम व्हिडिओवर सिनेमा भाड्याने घेतला तर सुरू करायला साधारण तीस दिवस मिळतात, पण एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवावा लागतो. म्हणून "जरा सुरुवात बघून ठेवू" म्हणून मंगळवारी बटण दाबू नका. शनिवारी सगळे बसल्यावरच दाबा. पैसे भरण्याआधी सबटायटल आहेत का तेही तपासा. सून किंवा जावई मराठी नसलेल्या घरांची संख्या आता कमी नाही आणि त्यांना बाजूला बसवून ठेवायचं कारण नाही.

तीन: कोणीतरी वर चढवलेली फुकटची कॉपी बघू नका. छोट्या सिनेमाच्या निर्मात्याला थिएटरमधून फार काही मिळालेलं नसतं. आपण भरलेलं भाडं त्याच्या पुढच्या सिनेमाच्या कामी येतं.

चार: सिनेमा चालू असताना मोबाईल दुसऱ्या खोलीत. हे नियम म्हणून आजोबांना सांगायची वेळ काही घरांत येईल, तरी सांगा.

सात शनिवार म्हणजे जूनच्या शाळा उघडेपर्यंतची सोय झाली. क्रम बदलला तरी चालेल, पण 'लेथ जोशी' घरातला टर्नर, फिटर किंवा मशिनिस्ट सोबत असेल तेव्हाच लावा. आणि त्या रात्री त्यांनी शॉप फ्लोअरवरचं काही सांगितलं तर दोन-चार ओळी लिहून माझ्याकडे पाठवा, त्यांची परवानगी घेऊन. पावसाळ्याच्या अंकात हे सदर तुमच्या त्या ओळींसाठी मोकळं ठेवतो आहे.